ड्यूटी संपते, ताण संपत नाही

भोपाळच्या साकेत नगरात एम्स आहे. तिथे किंवा कुठल्याही मोठ्या सरकारी रुग्णालयात निवासी डॉक्टर बहुतेक पंचविशी-तिशीतले असतात. कामाचा ताण तरुण माणसाला कसा पोखरतो, हे त्यांच्या ड्यूटीवरून नीट समजतं.

अत्यवस्थ रुग्ण आला की मेंदूतल्या हायपोथॅलॅमसकडून पिट्युटरीला आणि तिथून मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींना निरोप जातो. रक्तात कॉर्टिसॉल वाढतं, साखर चढते, माणूस तरतरीत होतो. इथवर ताण उपयोगाचाच. एरवी कॉर्टिसॉल सकाळी सर्वाधिक आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असतं. रात्रपाळ्या लागोपाठ आल्या की ही लय बिघडते. झोप तुटली की भीती-संताप उठवणारा अमिग्डाला चेकाळतो आणि त्याला आवरणारा मेंदूचा पुढचा भाग ढिला पडतो. मग चिडचिड, मग चूक, मग पुन्हा चूक होईल ही धास्ती. त्या धास्तीने उरलेली झोपही जाते.

1992 च्या केंद्रीय निवासी योजनेत आठवड्याला 48 तासांची मर्यादा होती. 2024 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलाने 74 तासांची शिफारस केली, म्हणजे दीडपटीहून जास्त! रोस्टर तसंच ठेवून ताणमुक्तीची व्याख्यानं ठेवणं मला निव्वळ सोपस्कार वाटतो.

जागतिक आरोग्य संघटना ‘बर्नआउट’ला आजार म्हणत नाही. ती कामातून उद्भवणारी अवस्था आहे: शक्ती संपणं, कामाविषयी तुटलेपण येणं, आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. सुट्टीत, घरच्यांत बसूनही दोन आठवडे कशातच मन लागत नसेल, तर मात्र नैराश्याची शंका घ्यावी.

अडचण अशी, की मनोविकार विभाग एकाच आवारात असला तरी डॉक्टर तिथे जायला कचरतात. रांगेत ओळखीचं कुणी दिसलं तर? त्यांच्यासाठी आणि आयटीत, बँकेत राबणाऱ्यांसाठीही ऑक्टोबर 2022 पासून ‘टेली-मानस’ आहे. फोन लावला की आधी भाषा निवडायची. मग प्रशिक्षित समुपदेशक बोलतो आणि गरज पडल्यास मनोविकारतज्ज्ञाकडे जोडून देतो. उपचारांची माहिती गुप्त राहण्याचा हक्क 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने दिला आहे.

जीव नकोसा वाटत असेल तर दोन आठवडे मोजत बसू नका, लगेच फोन करा. क्रमांक 14416, चोवीस तास, मोफत.