पळसबी आणि रेडकू

गडमुडशिंगी आणि तिच्या शेजारच्या करवीर तालुक्यातील गावांत उसाच्या शेतीला म्हशीची जोड असते. म्हैस व्याली की घर आनंदते. परंतु कधी कधी महिन्याभरातच रेडकू सुकू लागते. त्याचे पोट फुगते, केस राठ होतात, हगवण लागते. त्याच्या आतड्यात जंत झालेले असतात. नवल असे की, या जंतांच्या अळ्या मातेच्या दुधातूनच त्याच्या पोटात उतरतात! उपाय न झाल्यास रेडकू दगावते.

अशा वेळी जाणती माणसे पळसबीचे किंवा वावडिंगाचे चूर्ण देत. पळसाची शेंग तुम्ही पाहिलीच असेल. चपटी, आणि टोकाशी एकच बी. आयुर्वेदाने या दोन्हींना कृमिघ्न म्हटले आहे. रसायनशास्त्रज्ञांनी पळसबीतून पॅलासोनिन आणि वावडिंगातून एम्बेलिन ही द्रव्ये वेगळी काढली आहेत.

मग बी कुटून पाजली की झाले, असे मात्र नव्हे. एका झाडाच्या बीत द्रव्य अधिक, दुसऱ्याच्या बीत उणे. आणि पॅलासोनिन प्रमाणाबाहेर गेले तर तेच विष ठरते. म्हणून अर्क काढून त्याची मात्रा ठरवावी लागते. औषधापूर्वी शेणातील जंतांची अंडी सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात व औषधानंतर पुन्हा मोजतात. अंडी घटली, तरच गुण आला म्हणावयाचे. ‘रेडकू टवटवीत वाटते’ एवढ्याने भागत नाही.

जंतांचे नेहमीचे औषध वारंवार दिल्याने काही जंत त्याला दाद देईनासे होतात. शेळ्यामेंढ्यांत हे विशेष दिसते. म्हणूनच संशोधक पुन्हा वनस्पतींकडे वळले आहेत. तोवर, रेडकू दोन-तीन आठवड्यांचे होण्याच्या आतच त्याला पशुवैद्याकडे न्यावे, हे बरे.