चंद्राच्या हातची रवी

उन्हाळ्यात विहिरीत सूर मारला की वरचं पाणी कोमट लागतं आणि जरा खाली गेलं की एकदम गारठा. समुद्रही असाच आहे. विषुववृत्तावरसुद्धा चार किलोमीटर खोल पाण्याचं तापमान दोन अंशांच्या आसपास असतं. हे गार पाणी ध्रुवांकडे बुडतं आणि तळातळाने पसरत राहतं. मग इतक्या काळात सगळा समुद्र गार पाण्याने भरून वर फक्त कोमट साय का उरली नाही? कुणीतरी तो सतत ढवळतंय, वरची ऊब खाली पोचवतंय, म्हणून!

समुद्रशास्त्रज्ञ वॉल्टर मंक यांना या कोड्याने आयुष्यभर सोडलं नाही. जन्म 1917चा, व्हिएन्नातला. कर्मभूमी कॅलिफोर्नियातली स्क्रिप्स संस्था. 1966 साली त्यांनी हिशेब मांडला: खोल पाणी दिवसाला जेमतेम सेंटीमीटरभर वर सरकतं. त्या निबंधाचं नाव 'अबिसल रेसिपीज', म्हणजे अथांग खोलीच्या पाककृती. काय गोड नाव आहे!

पण त्यासाठी लागणारी घुसळण सापडेना. 1992 साली जेम्स लेडवेल आणि सहकाऱ्यांनी अटलांटिकमध्ये सुमारे 300 मीटर खोलीवर एक खुणेचं रसायन सोडलं. काही महिन्यांत ते आडवं शेकडो किलोमीटर पसरलं. उभं मात्र काही दहा मीटरच. मंक यांच्या हिशेबाला हवी होती तिच्या दहाव्या हिश्शाइतकीच घुसळण!

उरलेली दडली होती तळाच्या डोंगरांत. भरती-ओहोटीचं पाणी त्या खडबडीत उतारांवरून पुढे-मागे होतं, तेव्हा पाण्याच्या पोटातच लाटा उठतात. त्या फुटल्या की भोवरे, भोवऱ्यांतून आणखी लहान भोवरे, पार सेंटीमीटरभरापर्यंत. 1998 साली, ऐंशी ओलांडलेल्या मंक यांनी कार्ल वुन्श यांच्यासोबत या घुसळणीला लागणाऱ्या ऊर्जेचा खर्च काढला: सुमारे 20 लाख मेगावॅट. निम्मा वाऱ्याचा आणि निम्मा भरती-ओहोटीचा, म्हणजे मुख्यतः चंद्राचा. भरती-ओहोटीच्या घर्षणापायीच चंद्र दरवर्षी 3.8 सेंटीमीटर आपल्यापासून दूर जातो.

ही घुसळण हवामानाच्या संगणकीय प्रारूपांतही धरावी लागते; पण त्यांत समुद्राचा एकेक चौकोन कित्येक किलोमीटरचा. वीतभर भोवरा त्यात दिसणार कसा? तो सूत्राने सांगावा लागतो. सूत्र चुकलं तर समुद्र किती उष्णता पोटात घेईल, हा अंदाजही चुकतो.

मंक 2019 साली गेले, वयाच्या 101व्या वर्षी. दोन वर्षांनी त्यांच्याच स्क्रिप्सच्या संशोधकांनी आयर्लंडच्या पश्चिमेला, समुद्रातल्या एका घळीच्या तळाशी चमकता रंग सोडला. तो उतारावरून वर चढला, दिवसाला शंभर मीटरहून अधिक वेगाने.