शंभूनाथ डे यांचा ससा आणि पटकीचं विष

पटकीचा रोगी काही तासांत सुकतो. डोळे खोल जातात, आवाज बसतो, पायांत गोळे येतात, चिमटीत धरलेली कातडी सोडली तरी तशीच उभी राहते. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब तासाला लिटरभर होऊ शकतात. आपल्याकडे गावोगाव वेशीजवळ मरीआईची ठाणी आहेत, ती याच धास्तीतून उभी राहिली. एवढं पाणी शरीरातून जातं कसं, हे मात्र विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कुणाला सांगता येत नव्हतं.

जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख १८८३ सालच्या अखेरीस कलकत्त्यात आला होता. तिथल्या रोग्यांच्या आतड्यांत आणि तळ्याच्या पाण्यात त्याला स्वल्पविरामाच्या आकाराचा जंतू सापडला. हा जंतू एखादं विष सोडत असावा, असंही त्याने म्हटलं. पण ते विष रक्तात भिनून सगळ्या शरीराला मारतं, अशी समजूत रूढ झाली आणि पुढची सत्तर वर्षं संशोधक प्राण्यांच्या रक्तात आणि पोटात जंतू टोचत राहिले. प्राणी मरत, पण त्यांना पटकी होत नसे. दुसरी समजूत अशी की आतड्याचं अस्तरच सोलवटून निघतं. शवविच्छेदनात तसं दिसायचंही, कारण मृत्यूनंतर ते अस्तर झपाट्याने सुटतं.

कलकत्त्याचे विकृतिशास्त्रज्ञ शंभूनाथ डे यांनी प्रश्नच वेगळ्या जागी नेला. हुगळी जिल्ह्यात १९१५ साली जन्मलेले डे लंडनहून पीएच. डी. घेऊन परतले आणि आधी नीलरतन सरकार वैद्यकीय महाविद्यालयात, मग कलकत्ता मेडिकल कॉलेजात काम करू लागले. जुलाब आतड्यातून होतात, तर रोगाची जागाही आतडंच असणार, असं त्यांनी धरलं. सशाच्या लहान आतड्याचा काही इंचांचा भाग त्यांनी दोन्हीकडून दोऱ्याने बांधला, मधल्या पोकळीत जंतू सोडले आणि दुसऱ्या दिवशी पोट उघडलं. बांधलेला भाग पाण्याने टम्म फुगला होता. हा प्रयोग १९५३ साली प्रसिद्ध झाला. १९५९ साली ते आणखी पुढे गेले. जंतू वाढवलेल्या द्रवातून त्यांनी जंतू पूर्ण गाळून काढले आणि उरलेलं पाणी तेवढं आतड्यात सोडलं. आतडं तरीही फुगलं. रोग घडवायला जंतू हजर असण्याचीही गरज नव्हती, त्याने सोडलेला पदार्थ पुरेसा होता. ‘नेचर’मध्ये छापून आलेल्या त्या छोट्याशा निबंधाला मी भारतीय वैद्यकातल्या सर्वांत मोठ्या शोधांत धरतो. त्याच वर्षी मुंबईच्या हाफकिन संस्थेत दत्ता, पानसे आणि कुलकर्णी यांनीही जंतू फोडून काढलेल्या अर्काने सशाच्या पिल्लांना जुलाब होतात, हे दाखवलं. एकाच वर्षी देशाच्या दोन टोकांना दोन प्रयोगशाळा एकाच उत्तरापाशी पोचल्या होत्या.

पाठोपाठ १९६० मध्ये बँकॉकच्या जिवंत रोग्यांच्या आतड्याचे सूक्ष्म तुकडे काढून केलेली तपासणी प्रसिद्ध झाली. अस्तर शाबूत होतं.

मग ते विष करतं काय? त्याचा रेणू सहा तुकड्यांचा असतो. पाच तुकडे आतड्याच्या पेशीला चिकटतात, सहावा आत शिरतो. पेशीत पाणी सोडण्याचा हुकूम देणारं एक प्रथिन असतं. एरवी ते कामापुरतं चालू होतं आणि आपोआप बंद पडतं. विष त्याच्यावर असा रासायनिक तुकडा चिकटवतं की ते बंदच होऊ शकत नाही. नळाची चावी उघड्या अवस्थेत मोडून ठेवावी तसं. पेशी क्लोराइड बाहेर टाकत राहते, त्यामागून सोडियम जातं आणि सोडियममागून पाणी. निरोगी माणसाच्या लहान आतड्यातही दिवसाला आठ-नऊ लिटर द्रव उतरतो, पण जवळजवळ सगळा परत शोषला जातो. पटकीत हा हिशेबच उलटतो. गंमत म्हणजे या विषाची जनुकं मुळात जंतूची नव्हेतच, जंतूंना लागणाऱ्या एका विषाणूने ती त्याच्यात आणून घातली, हे १९९६ साली कळलं.

प्रवासात आणि लहान मुलांत जुलाब घडवणारे ई. कोलायचे काही प्रकार जवळजवळ असंच विष वापरतात. शिगेला या जंतूची तऱ्हा मात्र वेगळी आहे. तो पेशींत घुसतो, अस्तर खरोखर फाडतो. म्हणून आव-रक्त पडतं. पटकीला पोटातलं आम्ल पार करायला लाखो-कोट्यवधी जंतू लागतात, शिगेलाला शंभराच्या आतले पुरतात.

पटकीत अस्तर शाबूत असतं, या एका गोष्टीवर पुढे कोट्यवधी जीव तरले. पाणी सोडणारी वाट उघडी राहिली तरी साखरेबरोबर मीठ आत ओढून घेणारी दुसरी वाट विषाच्या तावडीतून सुटलेली असते. साखर-मिठाचं पाणी योग्य प्रमाणात पाजलं तर पाणी आत जातंच. शिवाय आतड्याच्या पेशी चार-पाच दिवसांत झडून नव्या येतात, विष चढलेल्या पेशीही. तेवढे दिवस रोग्याला सुकू दिलं नाही की तो उठून बसतो. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत सलाइन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबिस यांनी हेच पाणी पिंपांत कालवून नातेवाइकांच्या हाती दिलं. तीसच्या घरातला मृत्युदर चार टक्क्यांखाली आला.

डे यांना १९७८ साली स्टॉकहोमच्या नोबेल परिसंवादाचं निमंत्रण आलं. नोबेलविजेते शास्त्रज्ञ जोशुआ लेडरबर्ग यांनी नोबेलसाठी त्यांचं नावही सुचवलं होतं. देशाने मात्र त्यांना ना पद्म दिलं, ना कुठल्या विज्ञान अकादमीचं सदस्यत्व. १९८५ साली ते गेले. हा अन्याय होता आणि तो अन्याय म्हणूनच नोंदवला पाहिजे.

वाचकांना एक विनंती. घरात कुणाला जुलाब लागले तर औषधाच्या गोळ्या शोधण्याआधी जलसंजीवनीची पुडी फोडा. पुडी नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला, चमचा चहाचा. घोट घोट पाजत राहा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा पाजा. अंगावर पिणाऱ्या बाळाचं दूध तोडू नका. शौचातून रक्त पडलं, लघवी थांबली किंवा मूल मलूल झालं, तर पाणी पाजत पाजतच दवाखाना गाठा.