पंपावर आलेला आळ

कबूल केलेला टर्बोचार्जर आज लांबणीवर टाकतो आहे. मागच्या लेखात एअर पंपाचा उल्लेख ओझरता आला, त्यावर एका वाचकाने विचारलं: सत्तरच्या दशकातल्या अमेरिकी स्पोर्ट्स गाड्यांवरची प्रदूषण-नियंत्रणाची लटांबरं काढून टाकली तर जुनी ताकद परत येईल ना? (तिथे कायद्याने त्याला मनाई आहे, पण तो मुद्दा वेगळा.) वरवर पाहता आकडे या समजाच्याच बाजूने बोलतात. १९७० च्या कॉर्व्हेटमधलं ३५० घनइंची एलटी-१ इंजिन ३७० हॉर्सपॉवरचं होतं. १९७५ मध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला, आणि त्या वर्षी कॉर्व्हेटचं सर्वांत जोमदार इंजिन, आकार तोच असून, २०५ वर उतरलेलं होतं. पण मधल्या १६५ हॉर्सपॉवरचा हिशेब मांडला की चोर भलतेच निघतात.

पहिली चोरी नुसती कागदावरची. १९७१ पर्यंत जाहिरातीत ‘ग्रॉस’ आकडा मिरवायचे. तो मोजताना इंजिनाला ना पंखा असे, ना एअर फिल्टर, ना गाडीचा खरा सायलेन्सर. १९७२ पासून हे सगळं जोडून मोजलेला ‘नेट’ आकडा आला आणि ३३० चं एलटी-१ एका वर्षात २५५ चं झालं. इंजिन जवळपास तेच! हे ३३० तरी कुठून आले? कॉर्व्हेट बनवणाऱ्या जनरल मोटर्सने कमी शिशाच्या, कमी ऑक्टेनच्या पेट्रोलची तयारी म्हणून १९७१ च्या मॉडेलांत कॉम्प्रेशन रेशो ११ वरून ९ वर आणला होता. पुढे कॅमशाफ्टही सौम्य झाला. यांतलं काहीच पाना घेऊन खोलून फेकता येत नाही.

आता आरोपींकडे. ईजीआर व्हॉल्व्ह थोडा एक्झॉस्ट पुन्हा सिलिंडरमध्ये सोडून ज्वलनाचं तापमान उतरवतो. पण अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम सरतो आणि व्हॉल्व्ह मिटतो. म्हणजे कमाल ताकदीच्या क्षणी तो हजरच नसतो. काढला तर मिळकत शून्य, उलट त्याला धरून लावलेल्या टायमिंगमुळे संथ चालीत इंजिन नॉकिंग करू लागतं. एअर पंप एक्झॉस्टमध्ये ताजी हवा फुंकतो, ज्वलनाला हात लावत नाही. पट्ट्यावरून ताकद खातो, पण किरकोळ. मग काढल्यावर गाडी चपळ का वाटते? कारण पंप काढणारा त्याच बैठकीत कार्ब्युरेटर आणि टायमिंगही नीट लावून घेतो, आणि श्रेय मात्र पंप गेल्याला मिळतं.

कन्व्हर्टरबद्दलची तक्रार मात्र रास्त आहे. १९७५ च्या कॉर्व्हेटमध्ये दोन्ही बाजूंचा एक्झॉस्ट गोळ्या भरलेल्या एकाच डब्यातून कोंबला जाई. तिथे इंजिन खरंच घुसमटे. पण हा त्या डब्याच्या रचनेचा दोष होता. १९९० ची कॉर्व्हेट झेडआर-१ पाहा: इंजिनाचा आकार जवळपास तोच, ५.७ लिटर, कन्व्हर्टर जागच्या जागी, आणि ३७५ हॉर्सपॉवर, तेही नेट! ही किमया दर सिलिंडरला चार व्हॉल्व्ह, फ्युएल इंजेक्शन आणि एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजन सेन्सरचं ऐकून पेट्रोल मोजणाऱ्या कॉम्प्युटरची. तो सेन्सर पुढच्या आठवड्यात. टर्बो त्यानंतर.