काळ्या पाषाणावरची जिवंत खपली

नदीच्या घाटावर, देवळाच्या तटावर किंवा शेताच्या बांधावर पडलेल्या धोंड्यावर राखाडी, पांढुरके, पोपटी, हळदी रंगाचे ठिपके दिसतात. त्यांतले पुष्कळसे शैवाकांचे असतात. नखाने खरवडले तरी ते निघत नाहीत, दगडाचाच रंग उडाला असावा असे वाटते. लोक त्यांना डाग म्हणतात, बुरा म्हणतात आणि बहुतेक वेळा सरसकट शेवाळ म्हणून मोकळे होतात. शेवाळ हे नाव मात्र साफ चुकीचे आहे आणि त्यातला फरक अनवाणी पायालाही कळतो. शेवाळ ओलीला धरून वाढते, त्यावरून पाय सटकतो. शैवाकाची खपली खरखरीत असते आणि वर्षातले कित्येक महिने ठणठणीत कोरडी राहते.

शैवाक म्हणजे एक वनस्पती नव्हे, ती भागीदारी आहे. कवक म्हणजे बुरशी, आणि तिच्या धाग्यांच्या जाळ्यात राहणारे एकपेशीय हिरवे शैवल किंवा नीलहरित जिवाणू, असे दोघे मिळून हा देह उभा करतात. शैवल सूर्यप्रकाशात साखर तयार करते. कवक त्याला निवारा देते, पाणी धरून ठेवते आणि दगडाला घट्ट चिकटून राहते. स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ सिमोन श्वेंडेनर यांनी 1860 च्या दशकाच्या अखेरीस हे सांगितले, तेव्हा त्या काळच्या नामवंत शैवाकतज्ज्ञांना ते मुळीच पटले नाही. आयुष्यभर ज्याला एक जीव म्हणून नाव दिले, तो दोन जिवांचा संसार निघाला. 2016 मध्ये टोबी स्प्रिबिल आणि सहकाऱ्यांनी काही शैवाकांच्या सालीत यीस्टचा आणखी एक भिडू दाखवून दिला, त्यामुळे हा हिशेब अजून पुरता मिटलेला नाही.

मराठी घरांना एका शैवाकाची ओळख पिढ्यान्‌पिढ्या आहे, ते म्हणजे गोड्या मसाल्यातले दगडफूल. मात्र ते पानासारख्या शैवाकांपैकी आहे. त्याची कड सुटी असते, खालची बाजू काळी असते आणि ते अलगद सोलून काढता येते. नावात दगड असला तरी ते झाडांच्या सालीवरही भरपूर वाढते. दुसरा प्रकार झुडपासारखा, फांद्यांवरून दाढीसारखा लोंबणारा. खपलीसारखी शैवाके हा तिसरा प्रकार. यांना खालची साल नसतेच. कवकाचे धागे थेट दगडाच्या कणांमध्ये शिरलेले असतात, म्हणून खपली काढायची तर दगडाचा पापुद्राही बरोबर येतो. जगात शैवाकांच्या सुमारे 20,000 जाती मानतात आणि त्यांत खपलीवाल्यांची संख्या सर्वांत मोठी आहे.

दहापट मोठे दाखवणारे भिंग रुपयाएवढ्या डागावर धरले की वेगळाच मुलूख दिसतो. आटलेल्या तळ्याच्या तळाला चैत्रात भेगा पडतात, तशी सगळी खपली लहानलहान तुकड्यांत फुटलेली असते. कडेला पुष्कळदा काळी रेघ असते. तिथे नुसतेच कवक पुढे सरकत असते, शैवल मागून येते. शेजारी दुसऱ्या जातीची खपली असेल तर दोघींच्या मधली ही रेघ शेताच्या बांधासारखी दिसते. तुकड्यांवर मोहरीच्या दाण्याहूनही लहान थाळ्या बसलेल्या असतात. काही काळ्या, काही नारिंगी, काहींना पांढरी किनार. ही कवकाची फळे, यांतून बीजाणू बाहेर फेकले जातात. काही जातींत थाळ्यांऐवजी सुईने टोचल्यासारखी बारीक भोके दिसतात. आता त्या डागावर पाण्याचा एक थेंब सोडावा. थोड्याच वेळात राखाडी रंगाखालून हिरवा उमटू लागतो, कारण वरची साल भिजून पारदर्शक होते आणि खालचे शैवल दिसू लागते. रंगवलेला डाग आणि जिवंत खपली ओळखण्याची याहून सोपी परीक्षा नाही.

रासायनिक परीक्षाही आहे. विल्यम नायलँडर यांनी 1866 मध्ये ती रूढ केली. नारिंगी शैवाकांत पॅरिएटिन नावाचे रंगद्रव्य असते. त्याला अल्कलीचे द्रावण लावले की नारिंगीचे गडद किरमिजी होते. हळदीत चुना मिसळल्यावर जो लाल रंग चढतो, तोच प्रसंग इथे भिंगाखाली घडतो. जात ठरवण्यासाठी अभ्यासक आजही ही परीक्षा वापरतात.

या जिवाचे सारे आयुष्य ओल आणि वाळ यांच्या पाळीवर चालते. त्याला मुळे नाहीत, पाणी अडवून ठेवणारी मेणचट साल नाही. पाऊस, दव, धुके अंगावर आले की ते स्पंजासारखे भिजते आणि लगेच कामाला लागते. ऊन चढले की वाळते आणि झोपी जाते. वाळलेल्या अवस्थेत ते उन्हाचा चटका, थंडी आणि महिनोन्‌महिने कोरड सोसते. 2005 च्या मे महिन्यात सुटलेल्या फोटॉन-एम 2 या यानातून खडकावरचे ऱ्हायझोकार्पन जिओग्राफिकम हे खपली-शैवाक अवकाशात नेऊन सुमारे दोन आठवडे उघड्यावर ठेवले होते. परत आल्यावर भिजवताच त्याचे व्यवहार पुन्हा सुरू झाले. हेच शैवाक सतत ओले ठेवले तर मात्र कुजते. हिरवे शैवल असलेली शैवाके दमट हवेवरही भागवतात. नीलहरित जिवाणूवाल्यांना मात्र प्रत्यक्ष पाणीच लागते, म्हणून उघड्या कातळावर पावसाचे पाणी ओघळते त्या काळ्या वाटांवर ती सापडतात.

ठिकाणाचा विचार करताना नृसिंहवाडीचा घाट डोळ्यांसमोर ठेवणे सोयीचे आहे. कृष्णा आणि पंचगंगा यांच्या संगमावर, शिरोळ तालुक्यात, औदुंबराच्या सावलीत दत्तपादुकांचे हे मंदिर नदीच्या अगदी काठाशी आहे. घाट काळ्या बेसाल्टचा. तीन गोष्टी शैवाकाची जागा ठरवतात: दगड, ऊन आणि पाणी. बेसाल्टवर एक मंडळी राहतात, जुन्या बांधकामातल्या चुन्याच्या सांध्यांवर वेगळी. चुना आवडणारी नारिंगी शैवाके तेवढ्या सांध्याच्या रेषेतच वाढतात आणि दगड लागला की थांबतात. कावळे-पारवे बसतात त्या माथ्यांवर विष्ठेतल्या नत्रामुळे पिवळी-नारिंगी मंडळी जोर धरतात. सावलीत, सदा दमट कोपऱ्यात मात्र शैवाकाऐवजी शेवाळ आणि मॉस यांचीच सरशी होते.

तिसरी गोष्ट पाणी, आणि वाडीला तिचे महत्त्व सांगावे लागत नाही. पावसाळ्यात नदी चढते, पाणी उत्तरद्वारातून आत येते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिणद्वारातून बाहेर पडते. या दक्षिणद्वार सोहळ्याला स्नानासाठी भाविकांची गर्दी होते. पाणी आणखी चढले की उत्सवमूर्ती वरच्या जागी हलवतात. दगडावरच्या खपलीला हलता येत नाही. जगभरच्या नदीकाठी शैवाकांचे म्हणूनच आडवे पट्टे पडलेले दिसतात. कायम पाण्यात राहू शकणाऱ्या जाती थोड्या, व्हेरुकारियासारख्या, आणि त्यांनाही पाणी निवळ लागते. त्यावर अधूनमधून बुडणाऱ्यांचा पट्टा, त्याहून वर फक्त महापुरातच भिजणाऱ्यांचा. गढूळ नदीत खालच्या पट्ट्याला गाळ मारतो: गाळाचा थर बसला की ऊन तुटते आणि शैवल उपाशी पडते. कृष्णेसारख्या गाळ वाहणाऱ्या नदीकाठी त्यामुळे शैवाक पाहायचे तर ते पाण्यालगतच्या पायऱ्यांपेक्षा वरच्या टप्प्यांवर आणि तटाच्या माथ्यावर शोधावे. रोज हजारो पावले पडतात त्या पायऱ्यांच्या मध्यापेक्षा कडेचे दगड बरे.

या पट्ट्यांचा उपयोगही झाला आहे. भूगोलतज्ज्ञ के. जे. ग्रेगरी यांनी 1976 मध्ये नदीकाठच्या खडकावरील शैवाकांची खालची मर्यादा मोजून त्यावरून नदीच्या पात्राची क्षमता ठरवण्याची पद्धत मांडली. त्याआधी 1950 मध्ये रोलंड बेशेल यांनी खपलीच्या व्यासावरून खडक किती काळ उघडा आहे याचा अंदाज बांधला होता. हिमनद्या कधी मागे हटल्या हे त्यावरून काढतात. खपलीची वाढ इतकी संथ आणि इतकी नेमाची असते, म्हणूनच हे जमते. बहुतेक खडकवासी खपल्या वर्षाला मिलिमीटरभरही सरकत नाहीत, थंड प्रदेशातल्या कित्येक तर त्याच्या दशांशानेच. 2005, 2019 आणि 2021 च्या महापुरांनी शिरोळ तालुक्यातले जे दगड दिवसचे दिवस पाण्याखाली ठेवले, त्यांवर एखादी खपली मेली असेल तर ती जागा पुन्हा तेवढीच भरायला माणसाच्या हिशेबात दीर्घ काळ जावा लागेल.

दगडाला शैवाकाने इजा होते का, हा प्रश्न याच तालुक्यातल्या खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरासमोर उभे राहिले की टोचू लागतो. बाराव्या शतकातले हे शिलाहारकालीन मंदिर, बाहेरच्या भिंतींवर कोरीव मूर्ती, आणि स्वर्गमंडपाचे छतच आभाळाला मोकळे. खपलीचे धागे दगडाच्या फटींत शिरतात, भिजून फुगतात, वाळून आकसतात आणि कण सैल करतात. कवकाने सोडलेले ऑक्झॅलिक आम्ल दगडातल्या कॅल्शियमशी मिळून कॅल्शियम ऑक्झॅलेट बनवते. एवढ्यावरून शैवाक म्हणजे दगडाचा शत्रू असे ठरवणे घाईचे होईल. कित्येक ठिकाणी हीच खपली पावसाच्या माऱ्यापासून आणि वाऱ्यापासून दगडाला आडोसा देते. तारेच्या ब्रशने घासणे किंवा आम्लाने धुणे हे मात्र नक्कीच घातक, कारण खपलीबरोबर कोरीव कामाचा पापुद्राही जातो. जुन्या मूर्तीवर हात चालवायचा तर तो पुरातत्त्वातल्या जाणकारानेच चालवावा, उत्साही स्वयंसेवकाने नव्हे.

आता लागवडीकडे. कवक एकटे वाढवणे जमते, हे आल्फ्रेड म्योलर यांनी 1887 मध्येच दाखवले. रीत आजही जवळजवळ तीच आहे. फळाची थाळी भिजवून काचेच्या बशीच्या झाकणाला आतून व्हॅसलिनने चिकटवतात आणि बशी उलटी ठेवतात. थाळी वाळता वाळता बीजाणू उडून वरच्या अगारला, म्हणजे वाढीसाठी ओतलेल्या जेलीसारख्या माध्यमाला, चिकटतात. त्यांना माल्ट आणि यीस्टच्या अर्काचा खुराक देतात. पुढे महिनोन्‌महिन्यांनी हाती येतो तो काही मिलिमीटरांचा गोळा, आणि त्याचा चेहरा शैवाकाचा नसतोच. शैवलही वेगळे वाढवता येते. अवघड आहे ते दोघांना पुन्हा नांदायला लावणे. अमेरिकेतले व्हर्नन अहमदजियान यांनी यात कित्येक वर्षे घातली. त्यांना दिसले ते असे की खुराक मुबलक असला की दोघे आपापले वेगळे राहतात. अन्न तुटपुंजे ठेवले आणि माध्यम हळूहळू वाळू दिले तरच ते एकमेकांना धरतात. 1985 च्या सुमारास जपानच्या योशिकाझू यामामोतो यांनी बीजाणूंची वाट न पाहता शैवाकाचा चुरा करून, चाळून, त्याचे कण अगारवर वाढवण्याची पद्धत काढली.

महाराष्ट्रात या कामाचे घर म्हणजे पुण्याची आघारकर संशोधन संस्था. पी. जी. पटवर्धन, उर्मिला माखिजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम घाटातली शैवाके गोळा करून, नावे लावून ठेवली. त्यांत सालीवर अक्षरे गिरवल्यासारख्या दिसणाऱ्या खपल्यांवरचे काम मोठे आहे. बी. सी. बेहेरा आणि माखिजा यांनी अस्निया घाटेन्सिस हे आपल्या घाटाचेच नाव मिरवणारे झुडपी शैवाक प्रयोगशाळेत वाढवले आणि त्यातल्या द्रव्यांचे जिवाणूरोधक व ऑक्सिडीकरणरोधक गुण 2005 च्या सुमारास प्रसिद्ध केले. रानातून पोतीच्या पोती शैवाक ओरबाडण्याऐवजी बाटलीत वाढवून औषधी द्रव्य मिळवणे हा त्यामागचा विचार, आणि तो मोलाचा आहे.

अंगणातल्या दगडावर खपली वाढवायची असेल तर उपाय साधे आहेत, फक्त घाई चालत नाही. खडबडीत, जुना, न घासलेला बेसाल्ट घ्यावा. सकाळचे ऊन आणि दव मिळेल अशा मोकळ्या जागी, थोडा उतार देऊन ठेवावा. पडलेल्या, फुटलेल्या धोंड्यावरच्या त्याच प्रकारच्या खपलीचा चुरा दगडाच्या खाचांत भुरभुरावा. पावसाचे पाणी बारीक फवाऱ्याने द्यावे आणि दोन फवाऱ्यांमध्ये दगड पुरता वाळू द्यावा. ताक किंवा दही फासण्याचा सल्ला बऱ्याच ठिकाणी ऐकू येतो; त्याने बुरशी आणि शेवाळ मात्र लवकर येते. खपली असलेला धोंडाच हलवायचा असेल तर त्याची वरची बाजू वर आणि उगवतीची बाजू उगवतीलाच राहील असा बसवावा. घाटावरच्या किंवा देवळाच्या दगडावरून चुरा खरवडू नये. वाढ पाहण्यासाठी एक खपली निवडून तिच्याशेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्र काढावे, आणि दर वर्षी पावसाळा संपल्यावर, दगड कोरडा असताना, त्याच जागेवरून पुन्हा काढावे.