पूर्वजांची वाट शोधताय? आधी नदीचा उतार शोधा

समजा, घरात ऐकीव माहिती आहे: मूळ पुरुष १७९० च्या सुमारास पुण्याहून ग्वाल्हेरला गेला. वाट कशी काढायची? आजच्या नकाशावर सरळ रेघ ओढू नका. रस्ते सरकतात, पण पूल नसताना नर्मदा कुठूनही ओलांडता येत नसे. सेंधव्याच्या घाटातून आलं तर अकबरपूर, बऱ्हाणपूरवरून आलं तर हंडिया. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या नकाशांवर असे उतार आणि नावेच्या जागा दाखवलेल्या असतात.

मग महिना बघा. प्रवास श्रावणातला असेल तर पायउतार जवळपास बादच. नावेची जागा शोधावी लागेल. सगळं जुळलं तरी ती फक्त शक्यता. कागद सापडेपर्यंत रेघ तुटकच ठेवा.