दगडाचा कायापालट, तोही न वितळता!

मुरबाड तालुक्यातला सिद्धगड म्हटलं की २ जानेवारी १९४३ आठवतो. स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवाल आणि हिराजी पाटील इथेच हुतात्मा झाले. गड चढताना पायाखाली असतो तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा कातळ, म्हणजे पक्का अग्निजन्य. मग न वितळता कायापालट झालेला, म्हणजे रूपांतरित खडक कुठे शोधायचा? थोडा इथेच, बराचसा पायाखाली खोलवर आणि उरलेला विदर्भात!

भाजतो, पण वितळत नाही. वीटभट्टीत कच्ची वीट वितळत नाही, तरी आतून पार बदलते. खडकाचंही तेच. साधारण १५० ते २०० अंश सेल्सिअसच्या पुढे, दाबाखाली, जुनी खनिजं मोडून नवी जुळतात आणि खडक घनच राहतो. पुरता वितळला, की खेळ खलास. गार झाल्यावर तो पुन्हा अग्निजन्यच.

कड्यातला विटकरी पट्टा. सह्याद्रीत काळ्या थरांच्या मधोमध कधी कधी लाल पट्टा दिसतो. आधीचा थर झिजून मऊ झाला, त्यावर नवा लाव्हा पसरला आणि खालचं सगळं भाजून निघालं. हे झालं छोटेखानी रूपांतरण.

काळ्यावर पांढरे ठिपके. लाव्ह्यातले वायूचे बुडबुडे निघून गेले, पोकळ्या उरल्या. मग गरम पाणी झिरपलं आणि त्यांत जिओलाइट हे पांढरं खनिज भरलं. जिओलाइट ही रूपांतरणाची सर्वांत खालची पायरी मानतात. म्हणजे आपला कातळ उंबरठ्यापर्यंत पोचलाय!

तळघरात कोण राहतं? १९९३च्या भूकंपानंतर किल्लारीला भोक पाडलं, तेव्हा ३३८ मीटरवर काळा थर संपला. कोयनेला त्यासाठी ९०० मीटरहून खाली जावं लागलं. दोन्हीकडे खाली ग्रॅनाइट आणि नाइस हा पट्टेदार रूपांतरित खडक, वय अडीचशे कोटी वर्षांच्या घरात.

पट्टे येतात कुठून? दाब एकाच दिशेने जास्त असला, की अभ्रकाचे पापुद्रे त्याला आडवे होऊन एका ओळीत बसतात. म्हणूनच पाटीचा दगड सपाट फुटतो. उष्णता आणि दाब वाढत गेला तर चिखलाच्या खडकाची आधी पाटी, मग चमचमणारा शिस्ट आणि शेवटी काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा नाइस. संगमरवरही रूपांतरितच, पण त्याच्या दाण्यांना लांबी-रुंदीचा फरक नाही. ओळ धरणार कोण?

भंडाऱ्याचं निळं पातं. विदर्भातल्या भंडारा जिल्ह्यात कायनाइट हे रूपांतरणातून घडलेलं खनिज सापडतं. त्याच्या निळसर पात्यावर लांबीच्या दिशेने चाकू ओढा, ओरखडा उठतो. आडवा ओढा, चाकू हरतो! त्याच रासायनिक घडणीचं सिलिमनाइट जास्त उष्णतेत तयार होतं, अँडालुसाइट कमी दाबात. कोणतं हाती लागलं, यावरून खडक किती खोल आणि किती तापून आला ते कळतं.

घरबसल्या परीक्षा. चुनखडीचा होतो संगमरवर, वाळूच्या खडकाचा क्वार्टझाइट. दिसायला कधी कधी सारखेच. काचेवर घासा: क्वार्टझाइट चरा पाडतो, संगमरवर नाही. उलट आंबट रसाने संगमरवराची झिलई जाते, क्वार्टझाइट ढिम्म. तेव्हा ओटा संगमरवरी असेल, तर लिंबू ताटलीतच कापा!